राहिलेला काना

‘तुम्ही “अडवते” म्हणालात,’ सून म्हणाली आणि हातातला चहाचा पेला तिनं टेबलावर इतका हळू ठेवला, की त्यापेक्षा आदळला असता तर मला बरं वाटलं असतं. मला आधी कळलंच नाही. अडवते म्हणाले तर म्हणाले; अडवायचीच होती तिला. पण समोर बसलेला माझा धाकटा गप्प झाला, आणि चष्मेवाला, ज्याच्या तोंडाला देवानं झाकण बसवायचं राहिलंय, तोही पुठ्ठ्याच्या कपच्यांशी चाळा करायला लागला, तेव्हा लक्षात आलं की जिभेनं दगा दिला. चार इयत्ता शिकले मी, त्यातली चौथी अर्धीच. बाईंनी फळ्यावर लिहायचं आणि आम्ही पाटीवर उतरवायचं, तेव्हाही माझा काना हटकून राहायचा. बाई म्हणायच्या, अगं, अक्षराला हातात काठी दे, पडेल ते. ‘अडवतो’ आणि ‘अडवते’ यांत फरक त्या एका काठीचा. तेवढी काठी काढली आणि इतके दिवस सांभाळून उभं केलेलं सगळं, त्या टेबलावर, भर दुपारी, तोंडावर पडलं.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण सांगितल्यावाचून कळायचं नाही. आमचा खोक्यांचा कारखाना आहे. खाली कारखाना, वर घर. चपलांची खोकी, केकची, घड्याळांची, बाहुल्यांची. लोक एकमेकांना जे जे देतात त्याच्या वरचं कवच आम्ही करतो. सुट्टीच्या दिवशी यंत्रं थंड असतात, खळीचा आंबूस वास तेवढा मागे राहिलेला असतो, आणि पुठ्ठा कापायच्या मोठ्या टेबलाभोवती ही पोरं एक खेळ मांडतात. पट नाही, घरं नाहीत, कोणी कोणाला मारून पुढे जायचं नाही. धाकटा गोष्ट सांगत जातो, पुढे डोंगर आहे, डोंगरात दार आहे, दाराआड कोणीतरी घोरतंय, आणि मग एकेकाकडे बघून विचारतो, तू काय करतेस? तू काय करतोस? ज्यानं त्यानं एक सोंग घेतलेलं असतं आणि त्या सोंगाच्या तोंडानं उत्तर द्यायचं. अवघड काही करायचं असलं तर वीस तोंडांचा फासा टाकायचा. (वीस तोंडं! एका तोंडानं माझ्या घरात इतकी वर्षं निभावलं, हा बापडा वीस घेऊनही मुका.) सून तिरंदाज. चष्मेवाला भुरटा चोर. एरवी तो दातांच्या कवळ्या बनवतो आणि माझ्या मोठ्याचा शाळेपासूनचा दोस्त. आणि टोळीत सगळ्यांच्या पुढे चालणारा, वार आपल्या अंगावर घेणारा ढालकरी, तो माझा मोठा. म्हणजे होता. आता मी.

मोठ्याचं आजारपण असं काही झालंच नाही. सकाळी खोक्यांची थप्पी गाडीत चढवताना पायरीवर बसला, तो बसलाच. कोणी म्हणालं, उन्हानं असेल. ऊन कुठलं, नऊ वाजले नव्हते. त्यानंतर महिनोन्‌महिने ते टेबल नुसतं पुठ्ठा कापायचं टेबल होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी मी जिन्यानं खाली येत होते आणि कानावर आलं, चष्मेवाला म्हणत होता, ‘दरीत पडला असं म्हणू या. पटकन. कोणाला त्रास नको.’ मी जिन्यातूनच विचारलं, ‘कोणाला पाडताय रे दरीत?’ तिघंही चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. मोठ्याची सोंगटी टेबलाच्या मध्यावर होती, त्यानं स्वतः पुठ्ठ्याची कापलेली, चपलेच्या खोक्याच्या झाकणाची इवली ढाल डाव्या हाताला चिकटवलेली. ढालीवर आमच्या गिऱ्हाइकाचा अर्धा छाप अजून दिसतो. मी त्याच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, ‘कोणी कुठे पडत नाही. याचं मी खेळते.’

‘काहीही करता येतं?’ मी त्या दिवशी विचारलं.

‘काहीही,’ धाकटा म्हणाला. ‘पळून जा, राजाला शिव्या दे, राक्षसाशी सोयरीक जुळव. कोणी तुला नको म्हणणार नाही. फक्त दुसऱ्याच्या सोंगटीनं काय करायचं ते आपण सांगायचं नाही.’

‘मग लोक घर कसं चालवतात?’ मी म्हटलं. चष्मेवाला हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. मी विनोद केला नव्हता.

दुसरा नियम मला जास्त जड गेला. सोंगाच्या तोंडानं बोललं तरच ते घडलं असं धरायचं. ‘मी दार ढकलतो’ म्हटलं की ढकललं. ‘दार ढकलायला हवं बाई’ ही नुसती बडबड, ती हवेत गेली. आणि माझं सोंग पुरुषाचं. माझी सगळी हयात ते, ले, ची करण्यात गेली. येते, आले, जायची. पहिले काही डाव मी ‘उचलते’ म्हणायची आणि तिघंही एका सुरात ‘तो!’ म्हणून ओरडायची, जशी पोरं पाढा चुकणाऱ्याला हसतात. मग एकदा पुढच्या वळणावर कोणीतरी हाक मारली असं धाकट्यानं सांगितलं, विचारलं, ढालकरी, काय करतोस? आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, ‘आलो!’ बस, तेवढंच. मोठ्याचा शब्द. मी वरून जेवायला हाक मारायची आणि हा खालून ‘आलो, आलो’ म्हणायचा आणि तासभर यायचा नाही; मरताना नाही म्हणाला, एरवी जन्मभर तेच म्हणत आला. तो शब्द बोलायला ओठांचा गोल करावा लागतो. माझ्या ओठांचा गोल झाला आणि तसाच राहिला. सुनेनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तहानलेल्या माणसाला दुरून पाण्याचा आवाज यावा तसं काहीतरी.

आणि हे मला नवीन नव्हतंच मुळी. आई झालेली कुठली बाई पहिल्यांदा असं बोलते? तो पाळण्यात होता तेव्हा त्याच्या वतीनं मीच बोलायची की. मी नाही दूध पिणार, मी रुसलो. मला कोणी उचलू नका, मी आत्ताच झोपलो. आत्यानं मला खेळणं नाही आणलं, मी आत्याशी कट्टी. त्याला बोलता यायच्या आधी वर्षभर त्याच्या तोंडी शब्द मीच घालत होते, आणि लोक हसून त्यालाच उत्तर द्यायचे. मग तो बोलायला लागला आणि माझं ते काम गेलं. आता बोलायचा थांबला, तर ते काम माझ्याकडे परत आलं, एवढंच. यात कोणाला काय खुपावं?

कोणाला खुपलं नाहीच, वर्षभर तरी. उलट सुट्टीच्या दिवशी सून पोटभर जेवायची. एरवी ताटात बोटं फिरवून उठायची. ती आमच्याकडे पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून. एका दुकानासाठी खोकी करून घ्यायला आली होती, आणि नमुना हातात घेऊन मला म्हणाली, ‘कोपरा तिरका आहे.’ माझ्या कारखान्यात, माझ्या तोंडावर. मी म्हटलं, ‘डोळा तिरका असेल.’ तिनं पर्समधून पट्टी काढली. मोठा तिकडे खळीचा डबा हातात धरून हसत उभा होता, आणि मी तेव्हाच ओळखलं की ही घरात येणार, आणि मनातून म्हटलं, येऊ दे, माझ्या तोडीचं कोणीतरी येऊ दे. तेव्हापासून आमची खोकी तीच आखते. तर खेळात मोठा तिला ‘बाणवाले’ म्हणायचा. मी तेही उचललं. डोंगर चढून टोळी दमली की मी म्हणायची, ‘बाणवाले, दमलीस का? बस घटकाभर, मी पुढे बघून येतो.’ ती म्हणायची, ‘लवकर ये.’ त्या ‘ये’मध्ये सासू नव्हती. एरवी ती मला या म्हणते, बसा म्हणते, घ्या म्हणते. आठवड्यातून एकदा त्या टेबलावर माझ्या वाट्याला तिचं ‘ये’ यायचं आणि मी ते त्याच्यासाठी ठेवून घ्यायची, पोरासाठी ताट झाकून ठेवावं तसं.

आणि त्या दुपारी ही नदी. काळं पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही, असं धाकटा सांगत होता, आणि सुनेनं विचारलं, ‘इथे नाव आहे का?’ धाकटा म्हणाला, ‘आहे. एकाच माणसाची. आणि ती परत येत नाही.’

‘मी नावेत बसते,’ सून म्हणाली. ‘मी टोळी सोडते.’

तेव्हा मी ते म्हणाले. विचार करून नाही. पेटत्या शेगडीकडे जाणाऱ्या पोराला धरावं तसं. मी तिला अडवते.

‘बरं, अडवतो,’ मी आता म्हटलं. ‘एका काठीसाठी एवढं काय? अडवतो, अडवतो, अडवतो. झालं समाधान?’

‘पण तो नाही अडवत,’ सून म्हणाली. ‘तुम्ही अडवताय. तो कधी अडवायचा नाही मला.’

‘ढालकऱ्याचं कामच अडवायचं असतं.’

‘समोरून येणाऱ्याला, आई. आपल्या माणसाला नाही.’

मी धाकट्याकडे वळले. ‘आणि तू रे शहाण्या? परत न येणारी नाव बरी तयार होती तुझ्याकडे?’

‘तिनं विचारलं, नाव आहे का,’ तो खाली बघून म्हणाला. ‘विचारल्यावर नाही कसं म्हणू? नदी होती तर नाव असणारच.’

‘फासा टाका,’ मी म्हटलं.

‘टोळीतल्या टोळीत फासा टाकत नाहीत. दोघांची कबुली असली तरच,’ धाकटा म्हणाला.

‘माझी आहे,’ सून म्हणाली आणि तिनं फासा उचलून टाकला. तिला लहानसा आकडा पडला. मी टाकला, तो टेबलावरच्या कापायच्या चिरांमधून खडखडत गेला आणि मोठ्या आकड्यावर बसला. मी जिंकले. पोटातून वर आलेला आनंद मी लपवला नाही. का लपवू?

‘ढालकऱ्यानं तुला गाठलं, वहिनी,’ धाकटा म्हणाला. ‘नाव दोन हातांवर आहे, पण मध्ये ढाल आहे. तू काय करतेस?’

‘मी काहीच करत नाही.’

‘भुरट्या?’

‘मी झाडावर चढतो,’ चष्मेवाला म्हणाला. ‘सासू-सुनेच्या मध्ये सापडलेल्याला झाडच बरं.’ कोणी हसलं नाही. तोही नाही.

‘ढालकरी?’

‘मी तिचा हात धरतो आणि तिला मागे आणतो,’ मी एकेक काना नीट उभा करत म्हटलं.

‘वहिनी?’

‘मी काहीच करत नाही.’

पुन्हा पाळी फिरली. मी जाळ पेटवला, तिला पांघरूण दिलं, बाणवाले म्हटलं. पुन्हा तेच. मी काहीच करत नाही. आणि ऐकता ऐकता मला एक गोष्ट जाणवली, जी इतकी वर्षं हीच भाषा बोलून कधी जाणवली नव्हती. करते म्हणा, करतो म्हणा, बोलणारं माणूस लगेच उघडं पडतं. पण ‘करत नाही’ला ते शेपूटच नाही. तिथे काना लागत नाही, मात्रा लागत नाही. नकार देणारं माणूस बाई नसतं, पुरुष नसतं, कोणाची सून नसतं. त्याला धरायला कुठे टोकच सापडत नाही. फासा जिंकून मी काय आणलं होतं मागे? एक मिटलेलं खोकं.

‘तिकडे मला बोलावलंय, आई,’ ती म्हणाली. हे खेळातलं नव्हतं. ‘दुसऱ्या गावी. खोकी आखायचंच काम आहे. मी हो म्हटलंय.’

‘इथे कोणी तुझे हात बांधलेत? आख की इथे. कोपरे तिरके वाटत असतील तर सगळे कोपरे काढ. गोल खोकी कर.’

ती हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरले. ‘परवा दुपारी मी त्याचा आवाज आठवायला गेले,’ ती म्हणाली. ‘नुसता एक शब्द. बाणवाले. आणि आला तुमचा. मग दुसरं काहीतरी आठवलं, आमच्या दोघांतलं, तुम्हाला ठाऊकही नसलेलं. तेही तुमच्याच आवाजात. मी घाबरले, आई.’

‘म्हणजे मी तुझा नवरा खाल्ला म्हण.’

‘तसं नाही म्हणत. मीही त्यासाठीच बसत होते ना इथे. पण एकाच रेघेवर पुठ्ठा पुन्हापुन्हा दुमडला तर काय होतं? तुम्हीच शिकवलंत मला.’

फाटतो. दुसरं काय होणार. पहिल्या घडीला कडक राहतो, दहाव्या घडीला मऊ पडतो, मग एक दिवस रेघेवरून बारीक सुतं निघतात आणि दोन्ही बाजू सुट्या होतात. कारखान्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा सांगते. मी माझ्याच मनात उतरून बघायला गेले. खोटी ठरवायची होती तिला. मी आई आहे, माझ्याकडे तो हिच्या कितीतरी आधीपासून आहे. माझ्याकडे त्याचं पहिलं रडणं आहे, घसा फुटला तेव्हाचं चिरकं बोलणं आहे, परीक्षेत नापास झाला तेव्हाचं पुटपुटणं आहे. मी म्हटलं, हाक मारते आणि ऐकते. मनातल्या मनात जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले, जेवायला चल रे म्हटलं. खालून आलं, आलो. म्हातारीचं. जरा घोगरं, दात पडल्यामुळे हवा सुटणारं. पुन्हा हाक मारली. पुन्हा मीच. पाळण्यापाशी गेले, तिथे तर मुळापासून मीच होते. टेबलावर ती इवली ढाल होती आणि तिच्यावरचा अर्धा छाप. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. बुडणाऱ्या पोराचं जे हाती लागेल ते आई धरते, सदरा तर सदरा. पण सदरा हातात राहतो, तेव्हा तो किती हलका असतो, हे मला त्या दुपारी कळलं.

‘ढालकरी,’ धाकटा म्हणाला. मग कधी नाही ते म्हणाला, ‘दादा. तुझी पाळी. काय करतोस?’

मला काहीही करता येत होतं. हीच तर या खेळाची मेख: कोणी तुम्हाला नको म्हणत नाही. मी तिच्या पायाशी बसू शकले असते, पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेले असते, नाव फोडू शकले असते. नाव फोडायचं तर अगदी ओठांवर होतं. पण ते मी केलं असतं. माझ्या पोरानं काय केलं असतं? तो त्या दिवशी खळीचा डबा घेऊन हसत उभा होता. मी त्याला ओळखते. आवाज गेला असेल, पण त्याला मी ओळखते.

‘मी ढाल खाली ठेवतो,’ मी म्हटलं.

चष्मेवाल्यानं चष्मा काढला.

‘मी तिला नावेत बसवतो. दोर सोडतो.’ प्रत्येक ओ माझ्या ओठांतून निघताना मोजल्यासारखा निघत होता. पिशवीच्या तळाशी उरलेली शेवटची फळं काढावीत तसे मी ते काढत होते. ‘मी पाण्यात उतरतो, गुडघ्यापर्यंत, आणि नाव ढकलतो.’

सून रडत होती. तिनं आपली सोंगटी मुठीत धरली होती.

‘नाव गेली,’ धाकटा म्हणाला. ‘तू काठावर आहेस. आता काय करतोस?’

मला म्हणायचं होतं, मी राहतो. तेवढंच, सोपं होतं. मी ओठांचा गोल केला. पण ‘मी’ येईना. आला तो दुसराच शब्द, गेलेल्या माणसाविषयी बोलतात तसा, आणि त्या टेबलावर मी तो पहिल्यांदाच उच्चारला.

‘तो राहिला,’ मी म्हटलं.

कोणी ओरडून चूक काढली नाही.

ती गेली त्या सकाळी यंत्रं चालू होती. मी मुद्दामच बंद करायला सांगितली नाहीत. आवाजात बरं असतं. तिरंदाजाची सोंगटी तिनं नेली. ढालकऱ्याची मागितली नाही, आणि मीही देऊ केली नाही. तेवढी मोठी मी अजून झालेले नाही. तिच्या सामानाचं खोकं मी स्वतः बांधलं, आणि तिनं पट्टी न काढता कोपऱ्यावरून नुसतं बोट फिरवलं. दारात तिची पिशवी खांद्यावरून घसरली, तिनं सावरली आणि म्हणाली, ‘जाते, आई.’

जाते म्हणू नये. येते म्हणावं. एवढंसं कार्टंसुद्धा गोळी आणायला बाहेर पडताना जातो म्हणालं तर या घरात मी त्याला माघारी बोलावून येतो म्हणायला लावलंय. शब्द माझ्या जिभेवर तयार होता, येते म्हण ग. मग आठवलं, दुसऱ्याच्या सोंगटीनं काय म्हणायचं ते आपण सांगायचं नाही. मी नुसतं ‘हं’ केलं. ‘हं’लाही शेपूट नसतं.

दुपारी वर जाऊन ताटं मांडली. एक जास्त मांडलं गेलं, ते उचलून ठेवलं. मग सवयीनं जिन्याच्या तोंडाशी आले आणि खाली हाक मारली, ‘जेवायला चल रे!’

‘आलो!’ खालून उत्तर आलं.

धाकट्याचा आवाज. दोघं भाऊच, कुठेतरी, शेवटच्या ओमध्ये, एक धागा सारखा असेल. मी कठडा धरून उभी राहिले, तो आवाज विरेपर्यंत, आणि विरल्यानंतरही, त्याच्या मागून दुसरा येतो का ते ऐकत. तोंड मी हातानं घट्ट दाबून धरलं होतं, चुकून मीच म्हणू नये म्हणून.